कातडीचा तुकडा आणि सोबतची चिठ्ठी

1997 पासून अमेरिकेत किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी अचानक कडक होऊ लागली. सुरुवात बहुधा पायांपासून व्हायची. आधी सूज, मग लालसर चट्टे, आणि बघता बघता पोटऱ्या, मांड्या, हात लाकडासारखे टणक. गुडघा वाकेना, कोपर सरळ होईना. हिंडते-फिरते लोक काही आठवड्यांत चाकाच्या खुर्चीवर आले. यांतले बहुतेक डायलिसिसवर होते.

कातडी आवळत जाणारा म्हणून डॉक्टरांना पाठ असलेला आजार म्हणजे स्क्लेरोडर्मा. पण त्यात बोटं आणि चेहरा आधी आवळतो, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. इथं चेहरा साफ होता आणि बोटांचा तो इतिहासही नव्हता. मग कातडीचे छोटे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली घातले. त्वचेच्या खोल थरात कोलॅजेनचे जाडजूड दोर दिसले, त्या दोरांमध्ये मोकळ्या फटी, आणि फटींमधून दाटीवाटीनं पसरलेल्या लांबट, टोकदार पेशी. दाह असला की ज्या पेशी गर्दी करतात त्या जवळजवळ नाहीतच. हे चित्र स्क्लेरोमिक्सिडीमा नावाच्या एका दुर्मीळ आजाराशी बरंच जुळत होतं. मात्र त्या आजारात सहसा रक्तात एक विकृत प्रथिन सापडतं, आणि या रुग्णांच्या रक्तात ते नव्हतं.

शॉन काउपर, फिलिप लेबॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात असे 15 रुग्ण एकत्र मांडले आणि हा नवाच आजार असल्याचं सुचवलं. पुढे शवविच्छेदनांमध्ये हाच घट्टपणा स्नायूंत, श्वासपटलात, हृदयातसुद्धा दिसला, तेव्हा आजार कातडीपुरता नाही हे कळलं आणि त्याचं नाव ‘नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस’ असं झालं. कारण मात्र सहा वर्षं सापडलं नाही. डायलिसिसच्या यंत्रावर संशय गेला, रक्तवाढीसाठी देतात त्या एरिथ्रोपोएटिनवर गेला, कुठल्याशा अज्ञात जंतूवरही गेला.

2006 साली ऑस्ट्रियातले किडनीतज्ज्ञ थॉमस ग्रोबनर यांनी आपले नऊ रुग्ण तपासले. नऊही जणांची किडनी निकामी झालेली होती आणि सगळ्यांची रक्तवाहिन्यांसाठीची एमआरआय तपासणी झाली होती. त्यांतल्या पाच जणांना हा आजार झाला. या तपासणीत चित्र स्पष्ट यावं म्हणून गॅडोलिनियम या धातूचं संयुग शिरेतून टोचतात. त्याच वर्षी डेन्मार्कमधून 13 रुग्णांची नोंद आली. तेराही जणांना आजाराआधी गॅडोलिनियमचं एकच संयुग टोचलेलं होतं.

इथला क्रूर विनोद असा की हे औषध मूत्रपिंडाच्या रुग्णांना मुद्दाम दिलं जात होतं. सीटी स्कॅनमधलं आयोडीनचं औषध किडनीला त्रासदायक, म्हणून त्याला हा सुरक्षित पर्याय. निरोगी किडनी गॅडोलिनियमचं संयुग एक-दोन तासांत निम्मं बाहेर टाकते. किडनी बंद असेल तर त्याच कामाला दीड दिवसही लागतो. तेवढ्या वेळात काही संयुगांमधला धातू आपल्या रासायनिक वेष्टनातून सुटतो आणि ऊतींमध्ये जाऊन बसतो. 2007 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या औषधांच्या वेष्टनावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला. किडनी तपासल्याशिवाय गॅडोलिनियम देणं थांबलं, सैल बांधणीची संयुगं मागे पडली आणि नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले.

मला या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती 2007 मधलीच दुसरी एक गोष्ट. संशय पक्का झाल्यावर काही पॅथॉलॉजिस्टांनी या रुग्णांच्या कातडीचे मेणात जतन केलेले ठोकळे पुन्हा बाहेर काढले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला क्ष-किरणांनी मूलद्रव्य ओळखणारं उपकरण जोडून ते तपासले. काही तुकड्यांत गॅडोलिनियम सापडला. म्हणजे कित्येक वर्षं उत्तर कपाटात पडून होतं. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तो धातू दिसत नाही, आणि तोवर कुणी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

कातडीची बायोप्सी करायला अगदी सोपी आहे. लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करतात, तीन किंवा चार मिलिमीटर व्यासाचं गोल पातं, म्हणजे ‘पंच’, फिरवत आत दाबतात, वर आलेला दंडगोल चिमट्यानं अलगद उचलून खालून कापतात आणि एखादा टाका घालतात. ओपीडीतलं पंधरा मिनिटांचं काम. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, पुढे मेणात बसवला जातो, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर येतात आणि हिमॅटॉक्सिलीन व इओसिन या दोन रंगांत रंगवले जातात. त्या छोट्याशा दंडगोलात बाहेरची त्वचा असते, रक्तवाहिन्या, चेतातंतू, घामाच्या ग्रंथी, केसाला उभा करणारा इवलासा स्नायू, लवचिक तंतू, आणि पंच पुरेसा खोल गेला तर चरबीही. यकृत, मेंदू किंवा हृदय गाठायला जी जोखीम घ्यावी लागते ती इथं नाही. शरीरभर पसरणारा आजार रक्तवाहिनीच्या किंवा चेतातंतूच्या मार्गानं कातडीपर्यंत पोचलेला असतो, आणि तिथं तो हाताला लागतो.

अडचण येते ती बाटलीसोबतच्या चिठ्ठीत. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत येणाऱ्या कितीतरी चिठ्ठ्यांवर एवढंच असतं: ‘स्किन बायोप्सी फॉर एचपीई,’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. वय, लिंग, संपलं. चट्टा कधी उठला, ताप आहे का, लघवीत प्रथिनं जातात का, आधी कुठली औषधं चालू होती, काही नाही. अशा चिठ्ठीला पॅथॉलॉजिस्ट जे उत्तर देतो तेही तितकंच मोघम असतं आणि मग दोघं एकमेकांना नावं ठेवतात. माझं मत विचाराल तर दोष बहुतेक वेळा चिठ्ठीचा असतो. पहिला रंग सगळ्यांनाच लावतात. दुसरा, तिसरा, दहावा रंग लावायचा की नाही हे विचारलेल्या प्रश्नावर ठरतं.

अ‍ॅमिलॉइडोसिसचंच घ्या. यात चुकीची घडी पडलेलं प्रथिन हृदय, मूत्रपिंड, चेतातंतू यांच्यात साचत जातं. रुग्ण येतो धाप लागते म्हणून किंवा पायावर सूज आहे म्हणून. डोळ्यांभोवती जरा चोळलं तरी जांभळे डाग उठतात, कधी जीभ जाड होते, हातांना मुंग्या येतात. नेहमीच्या रंगात हे प्रथिन फिक्या गुलाबी, एकजिनसी ढिगासारखं दिसतं आणि घाईत सहज नजरेतून सुटतं. त्यावर कॉन्गो रेड लावून ध्रुवित प्रकाशात पाहिलं की तोच ढीग सफरचंदी हिरवा चमकतो. कॉन्गो रेड मुळात 1880 च्या दशकातला कापड रंगवायचा रंग. 1922 साली जर्मनीत बेनहोल्ड यांनी तो अ‍ॅमिलॉइडला चिकटतो हे दाखवलं, आणि ध्रुवित प्रकाशातली हिरवी चमक 1920 च्या दशकातच बेल्जियमचे दिव्री यांनी नोंदवली. शंभर वर्षं होत आली, तरी आजही निदानाचा पाया तोच आहे. आता कातडीऐवजी पोटावरची थोडी चरबी सुईनं ओढून तिच्यावरच कॉन्गो रेड लावण्याची पद्धत रूढ आहे, कारण ती आणखी सोपी.

इथं आपल्याकडच्या वाचकासाठी एक पुरवणी जोडायला हवी. पाठीच्या वरच्या भागावर, खांद्यांवर, कधी दंडांवर तपकिरी, लाटालाटांसारखे चट्टे पडलेले अनेक लोक, विशेषतः बायका, आपण पाहतो. अंग जोरजोरात घासण्याची सवय त्यामागे बरेचदा असते. त्या चट्ट्याची बायोप्सी केली तर कॉन्गो रेड तिथंही लागतो, कारण तोही अ‍ॅमिलॉइडच आहे, फक्त कातडीच्याच केराटिनपासून बनलेला. तो त्वचेच्या अगदी वरच्या पट्ट्यात राहतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरत नाही आणि हृदयाबिदयाकडे फिरकतही नाही. रिपोर्टवर ‘अ‍ॅमिलॉइड’ हा शब्द वाचून इंटरनेट धुंडाळणाऱ्या माणसाची झोप उडते ती विनाकारण. ढीग कुठं साचला आहे, वरच्या पट्ट्यात की वाहिनीच्या भिंतीत, हे रंगाइतकंच महत्त्वाचं.

कुठला तुकडा काढायचा, हाही प्रश्नाचाच भाग आहे. पायांवर जांभळी जाळी उमटते तेव्हा हात आपोआप जांभळ्या रेषेकडे जातो. पण ती रेषा म्हणजे नुसतं तुंबलेलं रक्त. बंद पडलेली धमनी बहुधा जाळीच्या मधल्या फिक्या भागाखाली असते, म्हणून धमन्या बंद पाडणारा स्नेडन सिंड्रोमसारखा आजार शोधायचा तर तिथून आणि खोलवर तुकडा घ्यावा लागतो. रक्तवाहिन्यांच्या दाहात वेळेचा हिशेब येतो. चट्टा उठून एक-दोन दिवसच झालेले असावेत, नाहीतर आधीच्या पेशी पांगून जातात आणि भिंतीला चिकटलेलं आयजीए हे प्रतिपिंडही नाहीसं होतं. ते प्रतिपिंड पाहायचं तर दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही. त्यासाठी मिशेलचं द्रावण लागतं, ते नसेल आणि प्रयोगशाळा जवळ असेल तर साधं सलाइन. दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत आले की दुसरा वाया गेला असंच समजायचं.

कधीकधी तुकडा घेण्याजोगी जागा दिसतच नाही आणि मला वाटतं या शास्त्राचं खरं कौशल्य तिथंच दिसतं.

इंट्राव्हॅस्क्युलर लिम्फोमा हा रक्ताच्या कर्करोगाचा एक विचित्र प्रकार. 1959 साली फ्लेगर आणि टापाइनर यांनी तो पहिल्यांदा वर्णिला तेव्हा तो वाहिनीच्या अस्तराचाच कर्करोग समजला गेला होता. पुढे प्रतिपिंडांच्या रंगांनी उघड झालं की या लिम्फोसाइट पेशी आहेत, बहुधा बी जातीच्या. वाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडण्यासाठी लागणारे काही रेणू त्यांच्यावर नसतात, त्यामुळे त्या लहान वाहिन्यांच्या आतच अडकून वाढत राहतात असं मानलं जातं. परिणामी गाठ कुठंच लागत नाही. रुग्णाला महिनोन्महिने ताप, वजनात घट, कधी बुद्धी भ्रमिष्ट होणं, कधी कारण न सापडणारी धाप. रक्तात एलडीएच हे विकर भरमसाट वाढलेलं, बाकी तपासण्या गोंधळात टाकणाऱ्या. पूर्वी यांतल्या बऱ्याच जणांचं निदान शवविच्छेदनातच व्हायचं.

जपानी डॉक्टरांनी यावर एक साधा आणि धाडसी मार्ग रुळवला. मांडी, पोट, दंड अशा तीन-चार ठिकाणची पूर्णपणे निरोगी दिसणारी कातडी चरबीसकट काढायची. त्या चरबीतल्या बारीक वाहिन्यांमध्ये मोठाल्या, काळपट केंद्रकाच्या पेशी ठासून भरलेल्या दिसतात. म्हातारपणी अंगावर उठणारे लाल मोत्यांसारखे ठिपके असतात ना, तेही चांगली जागा, कारण त्यांत केशवाहिन्यांचं जाळंच असतं. निदान वेळेत झालं तर रिटक्झिमॅबसह केमोथेरपी देऊन आजार आटोक्यात आणता येतो. ज्या रुग्णाच्या अंगावर एकही डाग नाही त्याची कातडी कापून मागणारा डॉक्टर नातेवाइकांना वेडाच वाटतो, आणि त्याला ते पटवून द्यायला वेळ लागतो.

स्युडोझँथोमा इलास्टिकम या लवचिक तंतूंच्या आजारातही असंच. नेत्रतज्ज्ञाला डोळ्याच्या पडद्यामागे तडे गेल्यासारख्या रेषा दिसतात. खरं तर मानेवर आणि काखेत पिवळसर बारीक पुळ्या असायला हव्यात, पण त्या नेहमी असतातच असं नाही. तेव्हा रुग्णाच्या अंगावरच्या एखाद्या जुन्या व्रणातून तुकडा घेतला तरी चालतं. वॉन कोसाच्या रंगात तिथले लवचिक तंतू तुटलेले, गुंतलेले आणि कॅल्शियमनं काळे झालेले दिसतात. हेच तंतू पुढे धमन्यांतही बिघडतात, त्यामुळे डोळ्यापासून सुरू झालेला तपास शेवटी हृदयाकडे जातो.

मेंदूच्या आजारांनी तर कातडीला वेगळंच काम लावलं. लाफोरा हा किशोरवयात सुरू होणारा, झटक्यांचा आणि झपाट्यानं बुद्धी घालवणारा आजार. गोन्सालो लाफोरा या स्पॅनिश संशोधकानं 1911 मध्ये मेंदूत साखरेच्या साखळ्यांचे गोळे दाखवले होते. तेच गोळे घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांमध्येही साचतात, आणि पीएएस नावाच्या रंगात गुलाबी-किरमिजी दिसतात. म्हणून काखेतून तुकडा घेण्याची प्रथा पडली. दक्षिण भारतातल्या अशा रुग्णांवर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बरंच काम झालं आहे. पण काखेत एक फसगत आहे. तिथल्या अपोक्राइन ग्रंथींत निरोगी माणसातही पीएएसनं रंगणारे कण असतात, आणि नवख्या नजरेला तेच लाफोराचे गोळे वाटतात. एखाद्या कुटुंबाला मूल वाचणार नाही असं चुकून सांगितलं जाऊ नये, म्हणून काही तज्ज्ञ काख टाळून दुसरीकडून तुकडा घेतात.

अलीकडच्या काळात न्यूरोलॉजिस्ट कातडी जास्त मागतात. न्यूरोनल इंट्रान्यूक्लिअर इन्क्लूजन डिसीज या लांबलचक नावाच्या आजाराचं निदान एकेकाळी केवळ मृत्यूनंतरच होई. 2011 मध्ये जपानमधल्या गटानं दाखवलं की चेतापेशींच्या केंद्रकात दिसणारे गोल ठिपके कातडीतल्या चरबीपेशींत आणि घामग्रंथींतही असतात. त्यामागचा जनुकीय बदल 2019 मध्ये सापडला, म्हणजे कातडीनं जनुकाला आठ वर्षांनी मागे टाकलं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मान, मांडी आणि पाय इथून तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे घेऊन चेतातंतूंमधलं फॉस्फरिल जोडलेलं अल्फा-सिन्यूक्लिन शोधलं. पार्किन्सनच्या 92.7 टक्के आणि मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या दुर्मीळ आजाराच्या 98.2 टक्के रुग्णांत ते सापडलं, तर निरोगी लोकांत 3.3 टक्क्यांत. मात्र पार्किन्सन आणि अ‍ॅट्रॉफी यांतला फरक नुसत्या ‘आहे’ किंवा ‘नाही’वरून ठरत नाही. प्रथिन किती आणि कुठल्या तंतूंत आहे ते पाहावं लागतं.

महाराष्ट्रात काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला मात्र या सगळ्या विरळा नावांच्या आधी एक जुना शेजारी आठवावाच लागतो. काचपट्टीवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहक पेशींच्या गोल गाठी दिसल्या की युरोपातला डॉक्टर सारकॉइडोसिस, म्हणजे अशाच गाठींचा पण जंतू न सापडणारा आजार, म्हणून मोकळा होईल. आपल्याकडे पहिला प्रश्न कुष्ठरोगाचा आणि दुसरा क्षयाचा. कुष्ठरोगाच्या गाठी चेतातंतूच्या वाटेनं लांबट पसरतात, तंतूला गिळून टाकतात. सारकॉइडच्या गाठी सुट्या, गोल, भोवती लिम्फोसाइटची किनार फारशी नसलेल्या असतात. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्म अभ्यास करून चेतातंतूंकडे लक्ष वेधलं होतं. आजही इथला विद्यार्थी कातडीचा काप पाहताना नर्व्ह शोधायला शिकतो ते त्याच परंपरेत. फाइट-फराको रंगात जंतू दिसला तर प्रश्न मिटला. नाही दिसला तरी कुष्ठरोग नाकारता येत नाही, कारण शरीराची प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रकारात जंतू सापडणं मुश्कीलच असतं. सारकॉइड म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी इथं जेवढी खातरजमा करावी लागते तेवढी लंडनमध्ये लागत नाही. आणि सारकॉइडच्या रुग्णाच्या नडगीवर दुखऱ्या लाल गाठी आल्या असतील तर त्या गाठीची बायोप्सी करूच नये. ती एरिथीमा नोडोसम असते, तिथं चरबीतल्या पडद्यांचा दाह मिळतो, सारकॉइड मिळत नाही.

जनुकीय तपासण्या स्वस्त होत चालल्यावर कातडीचे दिवस संपले असं काही जणांना वाटलं होतं, आणि काही बाबतींत ते खरंही ठरलं. फॅब्री या आनुवंशिक आजारात पेशींच्या आत झेब्र्याच्या पट्ट्यांसारखे थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ते पाहणं पूर्वी कौतुकाचं होतं, आता पुरुष रुग्णात रक्तातलं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मोजून आणि जनुक तपासून सहसा भागतं. कॅडासिल या आजारातही तसंच झालं. तिशी-चाळिशीत अर्धशिशी, मग लकव्याचे लहान लहान झटके, मग स्मृतिभ्रंश. कातडीच्या धमनिकांच्या भिंतीत दाणेदार, इलेक्ट्रॉनांना अडवणारे काळे ठिपके त्यात दिसतात. 1996 मध्ये फ्रेंच संशोधकांनी याचं जनुक, नॉच-3, शोधलं आणि बायोप्सी मागे पडली.

पण जनुकाचा रिपोर्टही चिठ्ठीसारखाच मोघम येऊ शकतो. आजार घडवणारे नॉच-3 मधले बदल प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाची संख्या बिघडवणारे असतात. ज्यात सिस्टीनला धक्का लागलेला नाही असा एखादा बदल सापडला की प्रयोगशाळा ‘महत्त्व अनिश्चित’ असं लिहून देते. एमआरआयमध्ये पांढरे डाग आहेत, आईला लकवा झाला होता, रुग्ण बेचाळीस वर्षांचा. अशा वेळी न्यूरोलॉजिस्ट त्वचाविकारतज्ज्ञाला फोन करून दंडावरचा एक तुकडा मागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये जात नाही, ग्लुटाराल्डिहाइडमध्ये जातो, आणि त्यातल्या जितक्या बारीक धमनिका सापडतील तितक्या सगळ्या पाहाव्या लागतात. दोन-चार पाहून थांबलं तर ठिपके नजरेतून निसटू शकतात.